वरच्या बाईंची सोडचिठ्ठी

माझ्या वहिनी क्रेन चालवायच्या. नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग "खरंच?" म्हणतो आणि मग हमखास विचारतो, की असलं काम त्यांनी का बरं निवडलं? निवडलं कुणी! त्या काळी आमच्याकडे काम निवडायची पद्धतच नव्हती. शाळा संपली की कामगार खात्याच्या कचेरीत जायचं. समोरचा माणूस आधी कागद बघायचा, मग तुमच्याकडे, आणि सांगून टाकायचा: तू गिरणीत, तू रेल्वेत, तू दवाखान्यात. वहिनींना त्यानं विचारलं, "उंचावर चक्कर येते का?" तोवर वहिनी घरच्या माळ्यापेक्षा उंच कशावर चढल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "नाही." झालं. यंत्रांच्या कारखान्यात क्रेनवर नेमणूक. नको म्हणायची सोय नव्हती, पण कामाशिवाय घरी बसायची वेळही कुणावर येत नव्हती. रेशनसारखं होतं ते. मिळणार नक्की, पण मिळेल ते मुकाट घ्यायचं.

पहिले काही दिवस त्या खाली न बघता, पायऱ्या मोजत शिडी चढायच्या, हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. शेड केवढी, तर एका टोकाला उभ्या माणसाचा चेहरा दुसऱ्या टोकाहून ओळखू येऊ नये. छताखाली दोन्ही भिंतींना रूळ, त्यावरून सरकणारी ती आडवी अजस्र तुळई, आणि तुळईला लटकलेली काचेची केबिन. खाली लेथ यंत्रं बनायची. ओतकामाचे अवजड सांगाडे एका बाजूनं यायचे आणि हिरवा रंग लेवून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचे. मधला सगळा प्रवास वहिनींच्या हूकला लटकून. खाली साखळी अडकवायला एक जण असायचा. तो शिट्ट्या वाजवून खुणा करायचा, म्हणून त्याचं नावच शिट्टीभाऊ पडलं. वहिनींना सगळे 'वरच्या बाई' म्हणत. कुणाचा पाना हरवला की, "वरच्या बाईंना विचारा, त्यांना सगळं दिसतं." पेट्यांच्या आड डुलकी काढणाऱ्यांना तर त्यांचा फारच धाक. त्यांनी चहाडी कधी केली नाही, पण झोपलेल्याच्या डोक्यावर नेऊन हूक अलगद हलवत ठेवायच्या.

त्यांना ते काम आवडायला लागलं. नेमून दिलेलं असलं तरी आवडलं. टनावारी लोखंड खाली टेकवताना आवाज होता कामा नये, एवढाच त्यांचा हट्ट.

दादा त्याच कारखान्यात रंगखात्यात होता. तिथेच जमलं, तिथेच लग्न झालं. कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. आमची आई गेल्यावर मीही तिथेच राहायला आलो आणि स्वयंपाकघरात अंथरूण टाकू लागलो. पुढे पुतणी झाली. ती सदा चिवचिवत असायची, म्हणून तिला आम्ही चिमणी म्हणायचो. एवढंच आमचं घर. कुणाला मोठं व्हायचं नव्हतं, कुठे जायचं नव्हतं.

मग सरकारनं धोरण बदललं. आता बाजार खुला होणार, ज्याला परवडेल त्यानं कारखाना चालवावा, मागणी असेल तेच बनवावं. रेडिओवर रोज तेच. लेथ यंत्रांची मागणी तर बघता बघता आटली. ज्यांना आम्ही विकायचो तेच कारखाने धापा टाकत होते. आता आपली पाळी, असं जो तो म्हणू लागला.

तेव्हा ती योजना आली. कारखान्याच्या अंगणात कर्णा लावून साहेबांनी वाचून दाखवली. साहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक. बाजार स्थिरावेपर्यंत मोठ्या कारखान्यांतल्या एकाही कामगाराला काढायचं नाही. प्रत्येक माणसामागे सरकार कारखान्याला पैसे देणार. काम नसलं तरी पगार मिळणार, कमी, पण मिळणार. क्वार्टर राहणार. अटी थोड्याच. कामगारानं रोज पूर्ण पाळी आपल्या कामाच्या जागी हजर राहायचं. बाहेर दुसरं काम करायचं नाही, केलं तर नाव कमी आणि क्वार्टर खाली. आणि योजना संपण्याआधी कुणाला जायचं असेल तर कारखान्याचं कार्यमुक्तीपत्र लागेल. ते नसेल तर दुसरीकडे कुणी कामावर घ्यायचं नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी केबिनच्या काचेवर हात आपटून वाजवल्या. दादा घरी येताना मिठाई घेऊन आला. त्या शेवटच्या अटीकडे कुणी लक्ष दिलं नाही. एका विनोदी माणसानं त्या पत्राला 'सोडचिठ्ठी' म्हटलं आणि सगळे हसले. चांगला नांदणारा माणूस कशाला मागेल सोडचिठ्ठी?

सुरुवातीला मजाच वाटली. लोकांनी शेडमध्ये पत्त्यांचे डाव टाकले, घरचे नादुरुस्त पंखे आणून दुरुस्त केले, बायकांनी विणकाम काढलं. हळूहळू पत्ते मळले, पंखे संपले. वीज वाचवायची म्हणून दिवे निम्म्याने कमी झाले आणि क्रेनचा पुरवठा तोडला. वहिनी खाली बाकावर बसू लागल्या.

एक दिवस योजनेचा सरकारी तपासनीस आला. हजेरीपटावर बोट ठेवत एकेकाला विचारू लागला. वहिनींपाशी थांबला.

"तुमचं काम?"

"क्रेन."

"क्रेन कुठे आहे?"

वहिनींनी वर बोट केलं.

"मग तुम्ही खाली काय करताय? नियमात 'कामाच्या जागी' असं लिहिलंय."

"अहो, क्रेन बंद आहे. वीज नाही."

"विजेचं मला सांगू नका. जागा कुठली ते बोला."

साहेबांनी मध्ये पडून सावरलं, पण त्या दिवसापासून वहिनींना पाळीभर वर बसावं लागलं. तपासनीस कधी उगवेल याचा नेम नव्हता. उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि केबिनची भट्टी व्हायची. थंडीत हात आखडायचे. बंद क्रेनच्या काचेच्या पिंजऱ्यात हातात काही नाही, समोर निर्जीव दांडे. खालून कुणी तरी हाक मारायचं, "वरच्या बाई, काय दिसतंय?" आधी त्या काही तरी चटपटीत उत्तर द्यायच्या. पुढे पुढे नुसता हात हलवायच्या. मग तेही थांबलं.

घरी पगार पुरेना. भाव खुले झाले होते, पगार मात्र होता तिथेच होता. दादानं संध्याकाळी गुपचूप दुकानांच्या पाट्या रंगवायला सुरुवात केली. गावात नवी दुकानं उगवत होती आणि प्रत्येकाला झगझगीत पाटी हवी होती. अक्षर सुरेख होतं त्याचं. वहिनींचा जीव टांगणीला. "अहो, कुणी बघितलं तर?" त्या म्हणायच्या. दादा म्हणायचा, "अगं, शिडीवर चढलेल्या माणसाचं तोंड कोण बघतंय? लोक पाटी बघतात."

लोक पाटीच बघत होते. पण वर्तमानपत्रवाल्यानं फोटो काढला. नव्या बाजारपेठेचा पहिल्या पानावर भला मोठा फोटो, आणि खाली कौतुक, की सुधारणांना शहरानं कसा उत्साहानं प्रतिसाद दिला आहे. फोटोच्या मधोमध शिडीवर आमचा दादा, हातात ब्रश, मागे वळून हसतोय. सरकारच्या धोरणाचं यश म्हणून छापला गेला आणि सरकारच्याच नियमानं त्याचं नाव कमी झालं. तपासनिसानं तो अंक साहेबांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा म्हणे साहेबांनाही हसावं की रडावं कळेना.

क्वार्टर गेलं नाही, कारण वहिनींचं नाव अजून पटावर होतं. पण आता सगळं घर त्यांच्या एकटीच्या हजेरीला बांधलं गेलं. कार्यमुक्तीपत्र नसल्यानं दादाला गावात कुणी पक्कं काम देईना. तो दुसऱ्या शहरात गेला, एका खोलीत चौघांबरोबर राहू लागला आणि महिन्यातून एकदा येऊ लागला. मी शिकत होतो, मिळेल तसं सामान उतरवायचं काम करत होतो. वहिनी ताप अंगात घेऊन शिडी चढायच्या. मी एकदा म्हणालो, "वहिनी, आज राहू द्या." त्या चपला घालत म्हणाल्या, "भाऊजी, आजारपणाची रजा जास्त झाली की नाव तपासणीला जातं. वर बसून ताप काढते, तिथे तरी दुसरं काय करायचंय?"

अशात शिट्टीभाऊ घरी आले. त्यांना डॉक्टरनं पाठीच्या दुखण्यामुळे अपात्र ठरवलं होतं, म्हणून ते योजनेतून सुटले होते आणि नदीपलीकडच्या नव्या खासगी बंदरावर देखरेखीला लागले होते. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "बाई, तिथे क्रेनवाले मिळत नाहीत. काल एका पोरानं पेटी अशी आपटली, की आतल्या काचेचा भुगा. मी तिथल्या इंजिनियरला तुमचं बोललोय. नुसतं बघून तरी जा."

सुट्टीच्या दिवशी वहिनी गेल्या, मीही बरोबर होतो. तिथल्या इंजिनियरनं फार चौकश्या केल्या नाहीत. केबिनमध्ये बसवलं आणि एक पेटी उचलायला सांगितली. दांड्याला हात लावण्याआधी वहिनींनी तळवे पदराला पुसले. पेटी उचलली, फिरवली, ठेवली. शिट्टीभाऊंनी खालून जी शिट्टी मारली ती खूण नव्हती, नुसता आनंद होता. इंजिनियर म्हणाला, "उद्यापासून या. फक्त कार्यमुक्तीपत्र आणा. त्याशिवाय माझे हात बांधलेले आहेत."

बसमध्ये वहिनी परतीच्या वाटेवर सारख्या बोलत होत्या. मी त्यांना इतकं बोलताना कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी मला शब्दन् शब्द सांगितलं.

"साहेब, मला सोडा."

"तुम्हाला कुणी धरलंय का बाई? कायद्यानं तुम्ही मोकळ्या आहात."

"मग सही करा."

"सहीचं मात्र जमणार नाही." साहेबांनी दार लावून घेतलं. तेही याच शेडमधून वर चढलेले, माणूस वाईट नव्हता. "ऐका. योजनेत राहायचं तर पटावर ठरावीक माणसं लागतात. म्हातारे गेले, आजारी गेले, तुमच्या मालकांसारखे काही पकडले गेले. आपण अगदी काठावर आहोत. आणखी एक नाव गेलं की कारखाना योजनेबाहेर. मग सगळेच घरी आणि सगळ्यांची क्वार्टरं खाली."

"म्हणजे सगळ्यांचं पोट माझ्या हजेरीवर?"

"तुमच्या हजेरीवर, त्यांच्या हजेरीवर, माझ्याही. आपण सगळे एकमेकांना धरून आहोत म्हणून बुडत नाही, एवढंच."

"पण मला पोहता येतंय ना, साहेब!"

 साहेबांनी चहा मागवला. वहिनी चहा न घेता बाहेर आल्या.

अशी गोष्ट लपते थोडीच? संध्याकाळी क्वार्टरच्या जिन्यात पावलं वाजली. ड्रिल यंत्रावरच्या मावशी पुढे, मागे चार-पाच बायका आणि दोन पुरुष. आमच्या दोन खोल्यांत उभं राहायला जागा उरली नाही.

मावशी म्हणाल्या, "खरं का गं? तू चाललीस?"

"सही मिळाली तर."

"तू सुटशील. क्रेन कुठेही असते. माझं ड्रिल कुठे आहे बाहेर? या वयात मला कोण उभं करणार?"

"मावशी, मी तुमच्या वाईटावर आहे का?"

"नाहीस गं. म्हणून तर मागायला आले, भांडायला नाही." मावशींनी वहिनींचा हात धरला. "माझे हे अंथरुणाला खिळलेत. क्वार्टर गेलं तर त्यांना कुठे नेऊन टाकू? थोडं थांब. सगळ्यांचंच काही तरी होईल."

"कधी?"

 वहिनी एकदम तडकल्या, "मी काय खांब आहे का तुमच्या घराचा? मला हलायचंही नाही?" चिमणी दारात उभी राहून ऐकत होती. तिला बघून त्या थांबल्या. हात मात्र मावशींच्या हातातून काढून घेतला नाही.

दादा फोनवर म्हणाला, "दे सोडून. पत्राशिवाय ये निघून, इकडे बघू काही तरी." पण इकडे म्हणजे चौघांची खोली. पत्राशिवाय निघालं तर बंदरावरचं कामही नाही, चिमणीची शाळाही नाही, आणि मावशींचा नवरा रस्त्यावर. वहिनींनी शिट्टीभाऊंना निरोप धाडला, की माझी वाट बघू नका. गच्चीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढताना मला म्हणाल्या, "भाऊजी, कैद्याला निदान शिक्षा किती ते सांगतात हो."

आणि त्या पुन्हा वर जाऊन बसू लागल्या.

मधल्या काळात फार काही घडलं नाही, आणि न घडण्याचंच ओझं झालं. वहिनी घरी यायच्या, जेवायच्या, भिंतीकडे तोंड करून पडायच्या. चिमणीवर अभ्यासावरून ओरडायच्या आणि मग तिच्याच उशाशी बसून राहायच्या.

मग एका सकाळी क्रेनला वीज आली. का, तर कारखान्याची यंत्रं विकली होती. एका व्यापाऱ्यानं भंगाराच्या भावात सगळा माल उचलला होता, आणि तो ट्रकांवर चढवायला क्रेन हवी होती. शेड रिकामी करायचं काम वहिनींच्या वाट्याला आलं.

खाली साखळी अडकवायला माणूस नव्हता. मावशी पुढे झाल्या. त्यांच्या ड्रिल यंत्राची पाळी आली तेव्हा त्यांनी आधी ते चिंध्यांनी पुसलं. भंगारात जाणारं यंत्र पुसलं. मग साखळी घातली आणि वर बघून ओरडल्या, "हळू गं!"

"हळूच आहे, मावशी," वरून आवाज आला.

यंत्र ट्रकवर टेकलं तेव्हा आवाज झाला नाही. मावशी मात्र हमसून रडल्या.

त्या दिवसांत वहिनी दमून यायच्या, भरपेट जेवायच्या आणि पडल्या पडल्या झोपी जायच्या. एकदा ताटावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "लाज वाटते भाऊजी. आपलंच घर उपसतेय, आणि मला भूक लागतेय."

शेवटचं यंत्र गेलं. शेड इतकी मोठी आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. लोक बाकांवर बसून राहिले, कारण पाळी संपायची होती.

पुढे निवडणूक झाली, नवं सरकार आलं आणि त्यानं एका दमात योजना गुंडाळली. आता बाजारच रोजगार देईल, असं ठरलं. त्याच अंगणात, त्याच कर्ण्यावरून नावं पुकारली गेली आणि प्रत्येकाच्या हातात एक कागद आला. कार्यमुक्तीपत्र. वहिनींनी ज्यासाठी साहेबांच्या दारात तोंड वेंगाडलं होतं ती सोडचिठ्ठी आता मावशींच्याही हातात होती, साहेबांच्याही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बंदरावर गेल्या. फाटकाबाहेर माणसांचा समुद्र. फक्त आमचाच नव्हे, आजूबाजूच्या सगळ्याच कारखान्यांनी एकाच दिवशी माणसं सोडली होती. शिट्टीभाऊंनी कसंबसं वहिनींना इंजिनियरपर्यंत नेलं. त्यानं ओळखलं. "बाई, तुमचा हात मला आठवतो," तो म्हणाला. "पण बाहेर बघा. क्रेनवालेच डझनावारी आहेत, निम्म्या वयाचे, निम्म्या पगारात तयार. त्या वेळी आल्या असतात तर..."

"त्या वेळी येऊ देत नव्हते," वहिनी म्हणाल्या. इंजिनियरनं मान हलवली. त्याला ते ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग नव्हता.

शेड आणि वसाहत मिळून एका फर्निचरच्या कंपनीनं घेतली. विक्रीत सरकारनं अट घातली होती, की काही जुन्या कामगारांना सामावून घ्यायचं, आणि जो कंपनीत राहील त्यानं राहतं क्वार्टर पगारातून हप्ते कापून देत विकत घ्यायचं. काम सुटलं की घराचा हक्कही सुटला. दादा तोवर परत आला होता. रंगाच्या वासानं त्याची छाती बिघडली होती. त्यानं तो करार दोनदा वाचला आणि म्हणाला, "अगं, हे तर परत तेच झालं."

"हो," वहिनी म्हणाल्या, "पेन द्या."

तेव्हापासून त्या तिथे विक्रीला जाणारी कपाटं बांधतात. पुठ्ठा, फोम, चिकटपट्टी, ढकलगाडी. क्रेन कापून नेली. मावशी त्यांच्या शेजारच्या टेबलावर होत्या, नवरा गेल्यावर लेकीकडे राहायला गेल्या. साहेब कुठल्या तरी विमा कंपनीची पॉलिसी विकत एकदा आमच्याकडेही येऊन गेले. वहिनींनी त्यांना चहा दिला, पॉलिसी घेतली नाही.

मला शहरात नोकरी लागली, मी वेगळं बिऱ्हाड केलं. गेल्या वर्षी चिमणीनं परिचारिकेचं शिक्षण पुरं केलं आणि एका मोठ्या खासगी रुग्णालयाचं बोलावणं आलं. राहायची सोय, गणवेश, सगळं त्यांचं. दादा खुशीत होता. चिमणी आईला सगळं भराभर सांगत सुटली. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"सोडता येतं का?"

"काय?"

"काम. मनात आलं तर सोडून निघता येतं का?"

"आई, अगं अजून लागले नाही मी! लोक आधी पगार विचारतात."

"तू आधी हे विचार."

चिमणीनं माझ्यादेखत फोन लावून विचारलं. तिकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, की पहिली काही वर्षं करार आहे, तोवर मूळ प्रमाणपत्रं रुग्णालयाकडे राहतात, सगळीकडे हल्ली असंच असतं. चिमणीनं फोन ठेवला.  दुसरीकडून बोलावणं आलेलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ती गेली. बस सुटेपर्यंत वहिनी खिडकीशी उभ्या होत्या. तिला उगाचच पाण्याची बाटली भरली का, चार्जर घेतला का, असं विचारत राहिल्या. बस वळणाआड गेल्यावर मी म्हणालो, "चला वहिनी, घरी सोडतो." त्यांनी घड्याळ बघितलं. त्यांची दुपारची पाळी होती. स्टँडवरून त्या परस्परच कामावर गेल्या.